टीम वसईची, नाव जपानी!

सामुराई की निन्जा? हायाबुसा की त्सुनामी? ऑफिस लीगसाठी हटके नाव शोधताय? जर्सी छापायला टाकण्यापूर्वी जरा इकडे लक्ष द्या, बॉस!

शनिवारपर्यंत जर्सीवाल्याला नाव द्यायचंय. सगळ्यांचे साइज कळवून झाले, रंग ठरला, सात नंबर कुणाला आणि दहा नंबर कुणाला यावरून यथासांग भांडणंही झाली. राहिलं फक्त टीमचं नाव. ग्रुपवर ‘वॉरियर्स’ येतं, ‘टायगर्स’ येतं, ‘किंग्ज’ येतं. मग कुणाच्या तरी लक्षात येतं की याच नावाच्या आणखी तीन टीम लीगमध्ये आहेत. गावदेवी, जय हनुमान, अमुक-तमुक इलेव्हन ही नावं गावच्या टीमला शोभतात, पण आयटीवाल्यांना ती ‘टू लोकल’ वाटतात. तेवढ्यात एकजण टाकतो, ‘सामुराई!’ आणि ग्रुप एकदम खूश. छोटं आहे, दमदार आहे, लोगोत तलवार टाकता येते. आणखी काय पाहिजे?

गंमत बघा. ‘सामुराई’ हा शब्द ज्या जुन्या जपानी क्रियापदावरून आला, त्याचा अर्थ आहे सेवेत हजर राहणं. म्हणजे आपल्या भाषेत, सर्व्हिस! सकाळची ७.४० पकडून चर्चगेटला साहेबाच्या सेवेत हजर होणाऱ्या वसईकराला हे नाव फिट बसतं खरं, पण आपण लोगोत तलवार टाकली होती, टिफिन नाही.

‘रोनिन’ तर त्याहून भारी. सिनेमांमुळे या शब्दाला एक वलय आहे. धनी नसलेला सामुराई, एकटा, कुणाच्या बापाला न जुमानणारा. पण आजच्या जपानमध्ये रोनिन कुणाला म्हणतात माहितीये? कॉलेजची प्रवेश परीक्षा नापास होऊन पुढच्या वर्षी पुन्हा बसणाऱ्या पोराला! आपल्याकडचा ‘ड्रॉप घेतलेला’. आता छातीवर हे छापून फायनल खेळायची असेल तर खेळा, आपलं काही म्हणणं नाही.

आणि ‘कायझेन’? टोयोटापासून आपल्याकडच्या कारखान्यांपर्यंत पोचलेला हा शब्द. सतत थोडी थोडी सुधारणा, असा त्याचा फंडा. मासाआकी इमाई यांच्या १९८६ च्या पुस्तकानं तो जगभर नेला. शब्द चांगलाच आहे हो, पण रविवारी सकाळी बाउंड्रीवर उभं राहून सोमवारच्या रिव्ह्यू मीटिंगची आठवण कुणाला हवी असते?

हे झालं हसण्यावारी नेण्यासारखं. काही शब्दांचं तसं नाही.

या शब्दांच्या वाटेला जाऊ नका

‘कामिकाझे’ ऐकायला जबरदस्त वाटतं. शब्दशः अर्थ दैवी वारा. १२७४ आणि १२८१ मध्ये मंगोलांची आरमारं जपानवर चालून आली आणि वादळांनी त्यांची वाताहत झाली, त्या वादळांना हे नाव मिळालं. इथवर सगळं ठीक. पण १९४४-४५ मध्ये स्फोटकं भरलेली विमानं घेऊन शत्रूच्या जहाजांवर आदळण्यासाठी पाठवलेल्या वैमानिकांनाही हेच नाव दिलं गेलं. त्यातले कितीतरी विशीतले होते, काही तर थेट कॉलेजातून आलेले. हजारो मुलं गेली. तुमच्या ओपनिंग जोडीच्या बेधडक बॅटिंगला हे नाव द्यायचं म्हणजे... नकोच.

‘त्सुनामी’चंही तेच. ‘त्सु’ म्हणजे बंदर, ‘नामी’ म्हणजे लाट. बंदरात शिरणारी लाट. २६ डिसेंबर २००४ पर्यंत आपल्यातल्या बहुतेकांनी हा शब्द ऐकलाही नव्हता. त्या दिवसानंतर तो तमिळनाडूपासून अंदमानपर्यंत घराघरात गेला, आणि का गेला ते सगळ्यांना माहीत आहे. २०११ मध्ये खुद्द जपाननं तो पुन्हा भोगला. ज्या तालुक्यात अर्नाळा आणि पाचूबंदरासारखी कोळ्यांची वस्ती आहे, तिथे समुद्रानं केलेल्या संहाराचं नाव जर्सीवर मिरवण्यात कसली मर्दुमकी?

म्हणजे जपानी नाव घेऊच नये का? तसं अजिबात नाही. परकी नावं घेण्यात जपानी मंडळी आपल्या चार पावलं पुढे आहेत.

जपान्यांनी काय केलं बघा

त्यांची व्यावसायिक फुटबॉल स्पर्धा, जे-लीग, १९९३ मध्ये सुरू झाली. बेसबॉलमध्ये तिकडे टीमला कंपनीचं नाव लावायची जुनी रीत. जे-लीगनं उलटं केलं. नाव लागेल ते गावाचं, कंपनीनं पैसे घालावेत आणि मागे बसावं. मग गावाच्या जोडीला शब्द शोधताना या लोकांनी इटालियन, फ्रेंच, स्पॅनिश सगळ्या भाषा उपसल्या. पण कशा, ते महत्त्वाचं.

हिरोशिमाची टीम आहे सानफ्रेचे. ‘सान’ हा जपानी तीन आणि ‘फ्रेचे’ म्हणजे इटालियनमध्ये बाण. त्या भागातला जुना सरदार मोरी मोतोनारी यानं आपल्या तीन मुलांना सांगितल्याची गोष्ट आहे, एक बाण मोडतो, तीन एकत्र धरले तर मोडत नाहीत. म्हणजे आपली म्हातारा शेतकरी आणि काटक्यांच्या मोळीची गोष्टच की! कोफू शहराच्या टीमचं नाव व्हाँफोरे. फ्रेंचमध्ये वारा आणि जंगल. वाटतं परफ्यूमचं नाव, पण ते आलंय तिथल्या ताकेदा शिंगेन या सरदाराच्या युद्धध्वजावरून. ध्वजावर वारा, जंगल, आग आणि डोंगर होते, टीमनं पहिले दोन उचलले. सापोरोवाल्यांची तर कमाल. होक्काइदोत जन्मलेल्याला ‘दोसान्को’ म्हणतात. त्यांनी ते उलटं करून ‘कोन्सादो’ केलं, शेवटी स्पॅनिश ‘ओले’ जोडलं आणि झालं कोन्सादोले!

पुणेकरांसाठी एक खास. सिंहगड रोडवरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात तुम्ही फोटो काढलेच असतील. ते उद्यान ज्या ओकायामा शहरातल्या कोराकुएन बागेवरून बेतलं, त्या ओकायामाची टीम आहे फाजियानो. इटालियनमध्ये फाजियानो म्हणजे फेझंट पक्षी. मोमोतारो या तिकडच्या लाडक्या लोककथेत राक्षसांशी लढायला जाणाऱ्या पोराच्या सोबत कुत्रा आणि माकड असतात, तसा हा पक्षीही असतो.

सगळ्यात आवडलं ते गाम्बा ओसाका. इटालियनमध्ये गाम्बा म्हणजे पाय. फुटबॉलला साजेसं. पण जपानी कानाला त्यात ‘गाम्बारु’ ऐकू येतं, म्हणजे जिद्दीनं झटणं. शब्द एक, भाषा दोन, आणि दोन्हीकडे अर्थ चोख.

मुलींच्या टीमवाल्यांनो, तुमच्यासाठी नादेशिको आहे. नाजूक गुलाबी रानफुलाचं नाव, आणि जुन्या काळी ‘आदर्श, सोशिक स्त्री’ला दिली जाणारी उपमा. २००४ मध्ये लोकांकडून नावं मागवून जपानच्या महिला फुटबॉल टीमला हे नाव देण्यात आलं. आता सोशिक म्हटल्यावर काय अपेक्षा करणार? पण २०११ मध्ये, भूकंप आणि त्सुनामीला जेमतेम चार महिने झालेले असताना, या पोरींनी अमेरिकेला पेनल्टीवर हरवून वर्ल्ड कप नेला. आज तो शब्द ऐकला की फूल नंतर आठवतं, आधी तो कप आठवतो.

या सगळ्यांनी शब्द परका घेतला, पण धागा आपल्या गावाचा ठेवला. मग वसई-विरारकडे असा जपानी धागा आहे का?

आहे! आणि तो मुंबईकडेही नाही असा आहे.

आपला माणूस नागासाकीत

वसई पश्चिमेला संत गोन्सालो गार्सिया कॉलेज आहे. तुमच्यापैकी कित्येकजण तिथून बीकॉम झाले असतील. गासला त्यांच्या नावाचं चर्चही आहे. पण हे गोन्सालो कोण, असं विचारलं तर ‘संत होते’ याच्या पुढे बरेचजण जात नाहीत.

सोळाव्या शतकात, पोर्तुगीज अमलात, वसईत जन्मलेला हा मुलगा. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. कोवळ्या वयात तो जेझुइट धर्मगुरूंबरोबर जपानला गेला आणि तिथली भाषा शिकला. नुसती शिकला नाही, तर लोकांत मिसळून त्यांच्यासारखी बोलू लागला. पुढे व्यापार केला, मग मनिलात फ्रान्सिस्कन संघात ब्रदर म्हणून दाखल झाला. १५९३ मध्ये तिथल्या फ्रान्सिस्कनांचं एक शिष्टमंडळ जपानचा सर्वेसर्वा तोयोतोमी हिदेयोशी याच्या भेटीला गेलं, तेव्हा दुभाषा म्हणून कुणाला नेलं असेल? आपल्या वसईच्या गोन्सालोला. जपानच्या सगळ्यात ताकदवान माणसासमोर दोन्हीकडचे शब्द नीट पोचवण्याची जबाबदारी एका वसईकरावर होती. एक शब्द इकडचा तिकडे झाला तर काय होईल, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

पुढे हिदेयोशीची मर्जी फिरली. गोन्सालो आणि त्याच्या सोबत्यांना पकडलं, कानाचा तुकडा कापला, ऐन थंडीत क्योतोकडून नागासाकीपर्यंत नेलं आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी निशिझाका टेकडीवर एकूण २६ जणांना क्रुसावर चढवलं. १८६२ मध्ये त्या सर्वांना संतपद मिळालं. भारतात जन्मलेले पहिले संत ते हेच. नागासाकीच्या त्या टेकडीवर आज स्मारक आणि संग्रहालय आहे.

म्हणजे ‘वसईत जपानी कुठून आलं?’ असं कुणी विचारलं, तर उत्तर तयार ठेवा. सव्वाचारशे वर्षांहून जास्त काळ झाला, साहेब! नावासाठी संतांना मैदानात ओढायची गरज नाही, त्यांचं स्थान वेगळं आहे. पण ज्या गावच्या माणसानं जपानी शब्दांच्या अचूकपणावर आयुष्य काढलं, त्या गावच्या टीमनं निदान शब्दाचा अर्थ तरी बघून घ्यावा, एवढंच.

त्याच पोर्तुगीजांचा आणखी एक उद्योग. वसईच्या बेकरीतला पाव आणि टोकियोच्या बेकरीतला ‘पान’ हे सख्खे भाऊ. दोघंही पोर्तुगीज ‘पाऊं’ची लेकरं. जपानी लोक ब्रेडला पान म्हणतात, आपण पाव म्हणतो. टीमचं नाव म्हणून ‘पान’ चालणार नाही हे मान्य. आपल्याकडे त्याला कात-चुना लागतो.

आता विरारकरांनो, तुमची पाळी. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचं एक स्टेशन विरारला ठरलं आहे, आणि तंत्र आहे जपानच्या शिंकान्सेनचं. शिंकान्सेन म्हणजे शब्दशः ‘नवी मुख्य लाइन’. बोरिवली-विरार पाचव्या-सहाव्या लाइनची वाट बघणाऱ्यांना हा अर्थ काळजाला भिडेल! ‘विरार शिंकान्सेन’ हे नाव सुचायला सोपं आहे, पण पालघर जिल्ह्यात या प्रकल्पात अनेकांच्या जमिनी गेल्या आहेत, आंदोलनं झाली आहेत. डहाणूची किंवा तलासरीची टीम समोर असताना हे नाव कसं ऐकू येईल, याचा विचार करून घ्या.

त्यापेक्षा तिथल्या गाड्यांची नावं बघा. जपानमध्ये १९६४ ला पहिली शिंकान्सेन धावली तेव्हा गाड्या दोन, हिकारी आणि कोदामा. हिकारी म्हणजे प्रकाश, कोदामा म्हणजे प्रतिध्वनी. १९९२ मध्ये त्याहून वेगवान नोझोमी आली. नोझोमी म्हणजे आशा. कोदामा सगळ्या स्टेशनांवर थांबते, हिकारी थोड्या, नोझोमी मोजक्याच. आलं लक्षात? कोदामा म्हणजे आपली विरार स्लो आणि नोझोमी म्हणजे विरार फास्ट! चर्चगेटला शिरताना मनात असते ती आशाच ना, चौथी सीट तरी मिळेल म्हणून? तीन फास्ट बॉलर असलेल्या टीमनं खरं तर ‘विरार फास्ट’ हेच नाव घ्यावं. जगातल्या कुठल्याही भाषेत याहून चांगलं नाव सापडेल असं वाटत नाही. याच विरारमधून किटबॅग सांभाळत बांद्र्याला सरावाला जाणारा पृथ्वी शॉ २०१८ मध्ये अंडर-१९ वर्ल्ड कप उचलून आला होता!

हायाबुसा हेही २०११ पासून एका शिंकान्सेनचं नाव आहे. आपल्याला ते कळलं मात्र २००४ च्या ‘धूम’मुळे, जॉन अब्राहमच्या बाइकवरून. अर्थ आहे बहिरी ससाणा, जगातला सगळ्यात वेगवान पक्षी. झेप घेताना ताशी ३०० किलोमीटरच्या वर जातो. नाव मस्तच, पण मग फिल्डिंगही तशीच हवी.

सुरूच्या बागेतला वारा

एक शब्द मला फार आवडला, आणि तो संध्याकाळी सोसायटीच्या कंपाउंडमध्ये ‘इची, नी, सान, शी’ करत लाथा मारणाऱ्या चिमुरड्यांमुळे सापडला. कराटेतल्या शोतोकान शैलीचं नाव. आधुनिक कराटेचे गुरू गिचिन फुनाकोशी कविता करायचे तेव्हा ‘शोतो’ हे टोपणनाव घ्यायचे. शोतो म्हणजे पाइनच्या झाडांतून वारा गेला की जी लाट उठते ती. शिष्यांनी त्यांच्या सराव-हॉलला तेच नाव दिलं, आणि ‘कान’ म्हणजे हॉल. एवढ्या ठोसे-लाथांच्या खेळाचं नाव झाडांच्या सळसळीवरून! आता वसईच्या सुरूच्या बागेत संध्याकाळी जाऊन उभे राहा. सुरू म्हणजे पाइन नव्हे, मान्य. पण वारा सुटला की जो आवाज येतो, त्याला मराठीत एकच शब्द मला तरी सुचत नाही. जपानीत तो आहे.

आणि गाम्बासारखे दोन्ही भाषांत चालणारे शब्द? तेही निघतात, शोधले तर! जपानीत ‘तोरा’ म्हणजे वाघ. मराठीत तोरा म्हणजे काय ते आपल्या कॅप्टनकडे बघून कळतंच. फक्त १९४१ मध्ये पर्ल हार्बरवरच्या हल्ल्याचा संकेतशब्द ‘तोरा, तोरा, तोरा’ होता, तेव्हा चिअरिंग करताना एकदाच ओरडा! ‘मारू’ म्हणजे वर्तुळ. जपानी मास्तर बरोबर उत्तरावर वर्तुळ काढतात, आणि त्यांच्या कितीतरी जहाजांच्या नावाच्या शेवटी मारू असतं. मराठीत मारू म्हणजे सिक्स मारू. ‘हाना’ म्हणजे फूल, पण आपले प्रेक्षक त्याचं ‘हाणा’ करणार यात शंका नाही. ‘कामे’ म्हणजे कासव, आणि ऑफिसात ती याच वेगानं होतात. ‘मोरी’ म्हणजे जंगल, आपल्याकडे तिथे भांडी घासतात, तेव्हा वगळा. आणि पुढेमागे ओसाकाला जाणाऱ्या जोडप्यांसाठी सूचना. तिकडे ‘आहो’ म्हणजे मूर्ख. नवऱ्याला हाक मारताना जपून!

पण माझं मत विचाराल तर ‘नामी’. जपानीत लाट, मराठीत झकास. नामी युक्ती, नामी संधी, तसं नामी. संहार करणारी त्सुनामी वेगळी आणि राजोडी-कळंबच्या किनाऱ्यावर रोज येणारी साधी लाट वेगळी. ‘वसई नामी’. कॉमेंट्री करणाऱ्याला उच्चारायला सोपं, आजीला सांगायला सोपं.

नाव ठरलं की ते लिहायचं कसं, हा शेवटचा घोळ. इंग्रजी अक्षरांत जपानी ऱ्हस्व-दीर्घ बहुतेक वेळा गायब होतात. ‘युकी’ म्हणजे बर्फ, ‘यूकी’ म्हणजे धैर्य. शाळेत शुद्धलेखनाला कंटाळलेल्यांनो, इथे देवनागरी कामाला येते, कारण आपल्याकडे दोन्ही उकार आहेत. शक्यतो जर्सीवर देवनागरीतच छापा, दिसतंही भारी. नेटवरून जपानी चित्रलिपी उचलून मात्र छापू नका. पॉपस्टार आरियाना ग्रांदेनं २०१९ मध्ये ‘सेव्हन रिंग्ज’ या आपल्या गाण्याचं नाव जपानीत हातावर गोंदवून घेतलं, आणि वाचणाऱ्यांनी सांगितलं की बाई, याचा अर्थ होतो छोटी कोळशाची शेगडी! एवढी मोठी स्टार चुकू शकते, तर रात्री साडेअकराला लोगो करणारा तुमचा ग्राफिक्सवाला मित्र का नाही?

मग विचारायचं कुणाला? जपानी शिकणारी मुलं-मुली मुंबई-पुण्यात भरपूर आहेत. जेएलपीटी ही जपानी भाषेची परीक्षा दोन्ही शहरांत होते, आणि ऑफिसात कुणी ना कुणी तिचा अभ्यास करत असतंच. त्यांना एक कटिंग पाजा आणि तीन गोष्टी विचारा. शब्दाचा आजचा अर्थ काय, तो ऐकून जपानी माणूस हसेल का, आणि दुखावेल का. तिन्ही उत्तरं नीट आली की जर्सीवाल्याला फोन लावा. शनिवारी दुकान नऊला बंद होतं.